नव्वद सेंटीमीटरचं दार

मुलांनो, आज एक कोडं घालते. शाळेत अशी कुठली जागा आहे, जिथे मुख्याध्यापकांपासून पहिलीतल्या पिल्लांपर्यंत सगळेच जातात, पण तिच्यावर निबंध लिहायला कुणी कधी सांगत नाही? वर्गात हे कोडं घातलं की आधी खुसुखुसु हसू येतं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणतं, "बाई, संडास!"

अगदी बरोबर! हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण ज्या मुलाला ही जागा वापरताच येत नाही, त्याच्यासाठी शाळेचा सगळा दिवसच अवघड होऊन बसतो. पुस्तकं असतात, गणवेश असतो, शिकायची हौस असते आणि तरीही शाळा सुटते. कशामुळे? एका अरुंद दारामुळे, दोन पायऱ्यांमुळे आणि भिंतीत नसलेल्या एका दांड्यामुळे.

भरलेली बाटली

माझ्या वर्गात एक मुलगी होती. पायांत कॅलिपर, हातात कुबड्या. पाढे असे धडाधड म्हणायची की बाकीच्यांनी ऐकत राहावं. तिची पाण्याची बाटली मात्र सकाळी जेवढी भरलेली असे, तेवढीच दुपारी घरी जाई. कारण विचारलं तर म्हणाली, "पाणी प्यायलं की जावं लागतं ना बाई!"

पाच तास पाणी न पिणारी ती एकटीच नाही. चालायला त्रास होणारी कितीतरी मुलं शाळेत हाच उपाय करतात. मोठी माणसं प्रवासात आणि कचेरीत हेच करतात. पण शरीराला हा उपाय मानवत नाही. पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, लक्ष लागत नाही, पोट साफ होत नाही. लघवी तासन् तास अडवून धरली की जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला तर असा संसर्ग फार महागात पडू शकतो. मोठ्या मुलींना पाळीच्या दिवसांत स्वच्छ, बंद दाराची आणि पाण्याची जागा मिळाली नाही, तर त्या चार-पाच दिवस घरीच राहतात.

आणि आयांचं काय? मूल लहान असतं तोवर आई कडेवर घेऊन नेते. तेच मूल दहा-अकरा वर्षांचं झालं की उचलायचं कसं? मग आई मधल्या सुट्टीत शाळेत येते किंवा फाटकाबाहेर बसूनच राहते. तिचं काम बुडतं, पगार बुडतो. एक दिवस घरात ठरतं, 'राहू दे आता शाळा.' पालकहो, शाळा बंद होण्याची इतर कारणं आपण मोजतो, पण हे कारण कुणी उघडपणे बोलतसुद्धा नाही. लाज वाटते ना!

चढाचं गाव

आमची पवई तुम्हांला ठाऊक असेल. तलाव आहे, १९५८ साली स्थापन झालेली आय.आय.टी. आहे, लिफ्टवाल्या उंच इमारती आहेत. आणि त्यांच्याच शेजारी टेकडीच्या अंगावर चढत गेलेल्या वस्त्या आहेत. तिथल्या गल्ल्यांत रस्ता कमी आणि पायऱ्या जास्त! अनेक घरांत फक्त मोरी असते. संडास गल्लीच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून एक. सार्वजनिक शौचालयाखाली बहुतेक वेळा मैल्याची टाकी असते, म्हणून जोतं उंच बांधावं लागतं आणि पुढे तीन-चार पायऱ्या येतात. दोन पायांवर टुणटुण चढणाऱ्याला त्या दिसतही नाहीत. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तो डोंगर असतो.

इमारतीत राहणाऱ्यांनीही फार खूश होऊ नये हं! लिफ्ट असली तरी घरातल्या न्हाणीघराचं दार एकदा मोजून बघा. पुष्कळ घरांत ते दोन किंवा अडीच फुटांचं, म्हणजे ६० ते ७५ सेंटीमीटरचं असतं. मोठ्या माणसाची चाकाची खुर्ची साधारण ६५ ते ७० सेंटीमीटर रुंद. शिवाय चाक फिरवायला दोन्ही बाजूंना हात हवेत. आता करा हिशेब! आजोबा पडून पाय मोडला की घराघरांतून हा हिशेब अचानक करावा लागतो.

आधी विचारलं कुणी?

इंग्लंडमध्ये सेल्विन गोल्डस्मिथ नावाचे वास्तुविशारद होते. शिक्षण पुरं झालं आणि त्यांना पोलिओनं गाठलं. १९६३ साली त्यांनी अपंग माणसांसाठी इमारती कशा बांधाव्यात यावर मोठं पुस्तक लिहिलं. पुढे नॉर्विच शहरात चाकाची खुर्ची वापरणाऱ्या २८४ जणांना भेटून त्यांच्या अडचणी विचारल्या. रस्त्याच्या कडेची उंच फरशी आणि वापरता न येणारे संडास या त्यातल्या मोठ्या अडचणी होत्या. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बायकोला नवऱ्याची मदत लागत असेल, तर तो 'स्त्रिया' लिहिलेल्या दारातून आत कसा जाणार? आईला मोठ्या मुलाला न्यायचं असेल तर? म्हणूनच असा संडास स्त्री-पुरुष दोघांनाही चालेल असा, वेगळ्या दाराचा असला तर फार सोयीचा.

दारावरचं ते निळं-पांढरं चाकाच्या खुर्चीचं चित्र पाहिलंय ना? ते १९६८ साली सुझान कोएफोड या डेन्मार्कच्या विद्यार्थिनीनं काढलं. गंमत म्हणजे तिच्या चित्रात फक्त खुर्ची होती, डोकं नव्हतं! नंतर त्यावर एक गोल काढला गेला आणि खुर्चीत माणूस बसला. चित्र छोटंसं, पण त्याचा अर्थ मोठा आहे: सोय खुर्चीची नाही, तिच्यात बसलेल्या माणसाची करायची आहे.

आपल्याकडचं उदाहरण कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं. ऐन शाळा-कॉलेजच्या वयात त्यांच्या शरीराचा कमरेखालचा भाग लुळा पडला. त्यांनी नोकरी केली आणि १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली. तिच्या वसतिगृहात चाकाच्या खुर्चीवरची मुलंमुली राहून शिकतात. त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र मराठीत आहे, मोठ्या मुलांनी जरूर वाचावं.

या सगळ्यांतून एक नियम मिळतो. ज्याला वापरायचं आहे, त्याला आधी विचारा. सगळ्यांना एकच सोय लागत नाही. जयपूरचे रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी १९६८ च्या सुमारास 'जयपूर फूट' हा कृत्रिम पाय घडवला, तो आपल्या लोकांना मांडी घालून, उकिडवं बसता यावं याचा विचार करूनच. तेव्हा कृत्रिम पाय लावणारा एखादा म्हणेल, "मला आपला साधा इंडियनच बरा, फक्त धरायला दांडा द्या." सांधे आखडलेल्या आजींना कमोडच लागेल. दिसत नसलेल्या मुलाला दांड्यापेक्षा महत्त्वाचं काय? बादली, नळ, कडी रोज त्याच जागी असणं. आणि दाराचा रंग भिंतीहून वेगळा असला, तर अंधूक दिसणाऱ्याला दार चटकन सापडतं.

चला, टेप घ्या!

आता कामाला लागू. घरातली मोजपट्टी घ्या, शिवणाची टेपही चालेल. आपल्या केंद्र सरकारनं २०१६ मध्ये आणि पुन्हा सुधारून २०२१ मध्ये अडथळाविरहित इमारतींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. चांगल्या संडासाची मुख्य मापं साधारण अशी:

दार – उघडल्यावर मोकळी जागा ९० सेंटीमीटर. दार बाहेर उघडावं किंवा सरकतं असावं. का बरं? आत कुणी पडलं तर माणसाच्या अंगामुळे आत उघडणारं दार उघडतच नाही! कडी अशी हवी की वेळ आली तर बाहेरूनही काढता येईल. उंबरठा नको.

खोली – साधारण २२० सेंटीमीटर लांब आणि २०० सेंटीमीटर रुंद. खुर्ची वळायला १५० सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ मोकळं हवं. व्हरांड्यात ७५ सेंटीमीटरची दोरी घेऊन खडूनं हे वर्तुळ काढा. मग त्यात बादली, कचऱ्याचा डबा, झाडू ठेवून पाहा. कळेल की एक बादलीसुद्धा रस्ता कसा अडवते!

कमोड – बसायची उंची ४५ ते ४८ सेंटीमीटर. हे कशासाठी, ते समजायला एक प्रयोग करा. घरात कुणी मोठं जवळ असताना दोन खुर्च्या शेजारी लावा. पायांवर अजिबात जोर न देता, हातांच्या बळावर एकीवरून दुसरीवर सरका. जमलं? आता दुसरीच्या जागी बुटकं स्टूल ठेवा. खाली जाल झटकन, पण परत वर याल का? म्हणून कमोडची बैठक आणि खुर्चीची बैठक शक्यतो एका पातळीत हवी. प्राथमिक शाळेतली मुलं लहान, त्यांच्या खुर्च्याही बुटक्या, म्हणून तिथे उंची कमी ठेवावी लागते. कमोड एका भिंतीच्या जवळ असतो आणि दुसऱ्या बाजूला खुर्ची लावण्यापुरती, साधारण ९० सेंटीमीटर जागा मोकळी ठेवतात. पुष्कळदा कमोड खोलीच्या बरोबर मध्यभागी बसवतात. दिसतो छान, पण भिंतीचा आधारही मिळत नाही आणि खुर्चीही शेजारी मावत नाही!

आधाराचे दांडे – भिंतीकडच्या बाजूला एक पक्का दांडा, बैठकीपेक्षा साधारण २० सेंटीमीटर वर. मोकळ्या बाजूला वर उचलता येणारा दांडा, म्हणजे खुर्ची लावताना तो आड येत नाही. दांड्याची जाडी मुठीत मावेल अशी, साधारण ४ सेंटीमीटर. दांडा आणि भिंत यांत ५ सेंटीमीटर अंतर, म्हणजे बोटं जातात पण कोपर अडकत नाही. पालकहो, एक विनंती. टॉवेलची दांडी म्हणजे आधाराचा दांडा नव्हे! ती टॉवेलचं वजन पेलते, माणसाचं नाही. दांडा अख्ख्या माणसाचा भार झटक्यात पेलेल इतका घट्ट हवा. चाळीतली चार इंची भिंत असेल तर नुसत्या स्क्रूवर भरवसा ठेवू नका. आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी लावता येईल का, ते गवंड्याला विचारा. बसवल्यावर आधी धडधाकट मोठ्या माणसानं लोंबकळून बघायचं, मगच मुलाच्या हातात द्यायचा.

पाणी – आपल्याला पाणी लागतं, हे परदेशी चित्रं पाहून खोली बांधणारे विसरतात. बसल्या जागेवरून नळ, जेट किंवा मग हाताला लागला पाहिजे. बादली जमिनीवर असेल तर वाकताना तोल जातो, ती छोट्या स्टुलावर ठेवा. नळ पिळायचा नको, दांडी वर-खाली करायचा बरा, म्हणजे बोटांत जोर नसला तरी मनगटानं उघडतो. हात धुण्याच्या भांड्याखाली गुडघे जातील एवढी पोकळी ठेवा.

फरशी आणि घंटा – फरशी खरखरीत, न घसरणारी आणि कोरडी. गुळगुळीत चकचकीत टाइल्स दिसायला सुंदर, पण कुबडीचं टोक त्यावर साबणासारखं सरकतं. मदतीची घंटा दोन उंचींवर असावी. एक बसलेल्याच्या हाताला लागेल अशी आणि दुसरी जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर. खालची कुणासाठी, सांगा बरं? जो खाली पडला आहे, त्याच्यासाठी.

उतार – आता गणित! नियम असा, की १ सेंटीमीटर चढायला किमान १२ सेंटीमीटर लांब उतार. एक पायरी १५ सेंटीमीटरची. म्हणजे उतार १५ गुणिले १२, बरोबर १८० सेंटीमीटर. तीन पायऱ्या असतील तर? ४५ गुणिले १२, म्हणजे ५४० सेंटीमीटर, जवळजवळ १८ फूट! मग तीन पायऱ्यांवर कुणी चार फुटांची फळी टाकून 'झाला रॅम्प' म्हटलं, तर तुम्ही काय म्हणाल? "काका, ही तर घसरगुंडी झाली!"

जागाच नसेल तर?

मला माहीत आहे, पालक मनात म्हणत असतील, 'बाई, आमची अख्खी खोली दहा बाय दहाची. बावीसशे मिलिमीटर कुठून आणू?' खरं आहे. शाळेनं, कचेरीनं, स्टेशननं पूर्ण मापाचा संडास बांधलाच पाहिजे. घरात मात्र जेवढं जमेल तेवढं करायचं. कमोड खुर्ची मिळते. तिच्या बैठकीला मधे भोक आणि खाली भांडं असतं. काही खुर्च्या भांडं काढून थेट इंडियन संडासावर ठेवता येतात. घेताना पायांचे रबरी बूच, हातांचे कठडे आणि डगमग तपासा. आधी बसून बघा, मग घ्या. दाराच्या बिजागऱ्या उलट बाजूला लावून दार बाहेर उघडता येतं. दार काढून जाड पडदा लावला तरी चार-पाच सेंटीमीटर सुटतात. एक घट्ट दांडा, एक रात्रीचा दिवा आणि काढून टाकलेलं पायपुसणं, एवढ्यानंसुद्धा पडणं टळतं.

नेमकं काय घ्यायचं हे सांगणारी माणसंही आहेत बरं का. त्यांना ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतात. आंघोळ, जेवण, कपडे, संडास ही रोजची कामं माणसाला स्वतःची स्वतः कशी करता येतील, हे ते शिकवतात. आपल्या मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात १९५० साली या विषयाची शाळा सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकन, लग्न करून इथल्या झालेल्या! हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथेही असा सल्ला मिळतो. सरकारच्या 'एडिप' योजनेतून गरजू कुटुंबांना चाकाची खुर्ची आणि इतर साधनंही मिळू शकतात.

कुलूप आणि केरसुण्या

आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. समजा, सगळी मापं बरोबर आहेत. दारावर ते निळं चित्रही आहे. तरी काम झालं का? मी अशी एक जागा पाहिली आहे, जिथे या सुंदर संडासात केरसुण्या, मोडकी बाकं आणि चुन्याची पोती ठेवलेली होती. बाहेर कुलूप. किल्ली शिपाईकाकांकडे आणि शिपाईकाका बँकेत गेलेले! का, तर म्हणे, "नाहीतर सगळेच वापरून घाण करतात."

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. अपंगांसाठीचा पहिला मोठा कायदा १९९५ सालचा. त्याच्या जागी आलेला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो, की सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांची इमारत आणि सोयी या मुलांना वापरता आल्याच पाहिजेत. शिक्षण हक्क कायद्यातही (२००९) शाळेची इमारत अडथळ्यांविना असावी असं म्हटलं आहे. आम्ही शिक्षक दरवर्षी 'यू-डायस'ची माहिती भरतो. त्यात रॅम्प आणि विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीचं शौचालय यांची नोंद असते. पण 'आहे' लिहिलं म्हणजे ते उघडं असतं असं नाही. शब्दही बदलला, 'अपंग'चं 'दिव्यांग' झालं. चांगलंच झालं. पण शब्द बदलून दार रुंद होत नाही, त्याला गवंडीच लागतो!

म्हणून पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, हे विसरू नका. पुढच्या सभेत तीन प्रश्न विचारा. आपल्या शाळेत असा संडास आहे का? वापरणाऱ्या मुलाला विचारून तो केला आहे का? आणि आत्ता, या क्षणी, तो उघडा आहे का? सभा संपल्यावर सगळ्यांनी मिळून जाऊन कडी काढून बघा.

आणि मुलांनो, तुमचं काम सोपं आहे. कुणी तिथे जात असेल तर हसायचं नाही, डोकवायचं नाही, दारावर थापा मारायच्या नाहीत. मदत हवी का, ते विचारायचं. "नको" म्हटलं तर बाजूला व्हायचं. न विचारता कुणाची खुर्ची ढकलायची नाही, ती त्याच्या पायांसारखीच त्याची असते. जागा वापरलीत तर पाणी टाकून, कोरडी ठेवून बाहेर या.

या रविवारी टेप घेऊन आपल्या घरातली, शाळेतली आणि गल्लीतली अशी तीन दारं मोजा. आकडे वहीत लिहा आणि वर्गशिक्षकांना दाखवा. नव्वदच्या खाली किती भरली, तेही मोजा. मोजल्याशिवाय ती दारं अरुंद आहेत हे कुणाच्या लक्षातच येत नाही. आणि एकदा का लक्षात आलं, की मग गवंड्याला बोलवायला फार वेळ लागत नाही.